एकोणतीस फेब्रुवारीची ओळ

२ मार्च, मंगळवार

संपादकबाईंचा फोन आला. माझा 'चिमटा' आता दर रविवारी त्यांच्या पेपरात येणार, पहिला लेख २८ तारखेला. गेली सहा वर्षं मी हे वार्तापत्र जेवणाच्या टेबलावर बसून काढतो आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या घ्यायच्या आणि त्यांना चिमटे काढायचे, एवढाच उद्योग. आठ हजार वाचक आहेत. नोकरी मात्र वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहिण्याची, हे त्यांतल्या साडेसात हजारांना ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, "पहिलाच लेख दणक्यात होऊ द्या." म्हणून पुन्हा डायरी काढली. मोठ्या माणसांच्या डायऱ्या असतात म्हणे.

आणि दुपारी बातमीही आयती चालत आली. परवा एकोणतीस फेब्रुवारीला रविवार होता. ज्यांची दवाखान्याची किंवा वाचनालयाची तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवशी होती, त्यांना ती सोमवारवर गेल्याचा निरोप यायला हवा होता. तो आलाच नाही, तारीखच यादीतून नाहीशी झाली. शोधत शोधत लोक 'घंटी'पर्यंत पोचले. 'घंटी' हा एक चिमुकला ओपन सोर्स प्रोग्रॅम. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही आत डोकावून बघावं, कोणीही दुरुस्ती सुचवावी. तारखांची आठवण देणारी निम्मी ॲपं तोच पोटात घेऊन फिरतात, आणि तो सांभाळणारा माणूस जगात एकच. खरं नाव कोणाला माहीत नाही. तो स्वतःला 'कासव' म्हणवतो, म्हणून सगळेच कासव म्हणतात.

आईचं इंजेक्शनही हुकलं. डोळ्याच्या पडद्याचं, दर महिनाअखेरचं. फोन केला तर म्हणाली, "मला वाटलं, तुझं मशीन सांगेल." पुढची जागा नऊ तारखेला मिळाली. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या आड थोडा आनंदही होता. पेपरात जागा मिळाली त्याच दिवशी विषयही मिळाला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

३ मार्च, बुधवार

'झोपलेलं कासव' आज वाचकांना गेलं.

चूक कुठे आहे ते मी स्वतः शोधलं, दुसऱ्याचं वाचून लिहिलं नाही. भेट रविवारी आली की 'घंटी' ती एक दिवस पुढे ढकलते. बाकी सगळे महिने नीट सांभाळलेत, फक्त लीप वर्षातली एकोणतीस फेब्रुवारी पुढे ढकलली की होते तीस फेब्रुवारी. अशी तारीख नसतेच. मग खाली एक ओळ आहे, ती म्हणते, चुकीची तारीख दिसली की गुपचूप टाकून द्या. कोणाला सांगायचं नाही, ओरडायचं नाही. एकोणतीस फेब्रुवारी रविवारी येते अठ्ठावीस वर्षांतून एकदा, म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता ही ओळ लिहिली कोणी? त्यासाठी एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम'. ती चालवली की प्रत्येक ओळीसमोर लिहिणाऱ्याचं नाव येतं. आलं: कासव. पाच वर्षांपूर्वीची तारीख, आणि शेजारी त्याची टीप, 'सगळ्या फाइलींतली मोकळी जागा सारखी केली.' त्याचा स्क्रीनशॉट छापला आणि खाली लिहिलं, "घर पडायला आलंय आणि हे महाशय पडदे सारखे करताहेत." आईच्या डोळ्याबद्दलही लिहिलं. जानेवारीतच कोणीतरी कासवाला हा दोष कळवला होता आणि त्याने साधी पोचही दिली नाही, तेही लिहिलं.

शिवाय मी काही उंटावरचा शहाणा नाही. बारा वर्षांपूर्वी मीही 'घंटी'त एक दुरुस्ती केली होती, आयुष्यातली पहिली. तेही ऐटीत नमूद केलं.

बायकोने वाचून विचारलं, "तू काय दुरुस्त केलं होतंस?"

"किरकोळ. चुकीची तारीख टाकली की प्रोग्रॅम बंद पडायचा, त्याचं काहीतरी."

"आणि ही ओळ कशाबद्दल आहे?"

"चुकीच्या तारखांबद्दलच. पण ही कासवाची आहे. नाव दिसतंय ना समोर!"

ती शाळेत गणित शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीत पायऱ्या लागतात. मी जेवायला बसलो.

४ मार्च, गुरुवार

लेख चाळीस हजार लोकांनी वाचला! पडद्यांचं वाक्य लोकांनी उचलून धरलंय. कोणीतरी कासवाला पडदे इस्त्री करताना दाखवणारं चित्र काढलं. संपादकबाईंनी हसऱ्या चेहऱ्याचा निरोप पाठवला. आईला फोनवर सगळा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान लिहितोस. जरा जास्तच बोललास का रे?" म्हटलं, "आई, जगात असंच लिहावं लागतं."

७ मार्च, रविवार

एका वाचकाने लक्षात आणून दिलं की 'घंटी'च्या पानावर अगदी वरच लिहिलंय, 'मी मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. बंदर लागलं की उत्तर देतो.' हे वाक्य मी बारा वर्षं बघतोय. मला तो विनोद वाटायचा, कासव पाण्यात असतं म्हणून केलेला.

म्हणजे जानेवारीपासून तो समुद्रात असेल आणि त्याला यातलं काहीच माहीत नसेल. त्याच्या पानावर हजाराच्या वर निरोप जमलेत, काही आई-बहिणीवरचे. खुलासा करावा का? करू पुढच्या अंकात. की नको? त्याने माणूस नेमायला हवा होता दुसरा. (फुकटच्या कामावर कोण येणार, हे मलाही कळतं. तरी लिहून ठेवलं.)

९ मार्च, मंगळवार

आईला इंजेक्शनला नेलं. भिंतीवरच्या अक्षरांची चौथी ओळ तिला मागच्या वेळी वाचता येत होती, आज तिसरीवरच अडखळली. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांच्या उशिरानेच झालं, असं सांगता येत नाही. तसं झालं नाही, असंही सांगता येत नाही."

घरी सोडायला गेलो तर तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचं कॅलेंडर. एक मार्चभोवती लाल पेन्सिलीचा गोल.

"आई, तुला माहीत होती तारीख?"

"होती की. पण निरोप आला नाही. म्हटलं, आपलंच चुकलं असेल. तूच म्हणालास ना, आता गोल करत बसू नकोस, मशीन चुकत नाही."

म्हणालो होतो. दिवाणावर पाय पसरून, हसत हसत म्हणालो होतो. येताना रस्ताभर कासवाला मनात शिव्या दिल्या, पण त्या नेहमीसारख्या जमल्या नाहीत.

११ मार्च, गुरुवार

कासव बंदराला लागलं. आल्या आल्या दोष काढून टाकला आणि एवढंच लिहिलं:

"काल किनाऱ्याला आलो. चौदाशे निरोप होते, सगळे वाचले. दुरुस्ती केली आहे, नवी आवृत्ती घ्यावी. ज्यांच्या तारखा हुकल्या त्यांची क्षमा मागतो. ती ओळ मी तपासून आत घेतली होती, म्हणून चूक माझी. महिनाअखेर मी 'घंटी'चं काम थांबवतो. कोणाला हवी असेल तर पुढे चालवावी."

वाचून बरं वाटलं नाही. एवढं मुकाट्याने कोणी मान्य करतं का? 'आत घेतली' हा शब्दप्रयोगही विचित्र आहे. स्वतःच लिहिलेली ओळ माणूस आत कशी घेईल? जहाजावर राहून भाषा अशी होत असावी.

संपादकबाई म्हणतात, २८ तारखेला हाच विषय घ्या. एका ओळीचा इतिहास, एका माणसाची निवृत्ती.

१२ मार्च, शुक्रवार

ती ओळ माझी आहे.

इतिहास लिहायचा म्हणून मागे मागे गेलो. 'ब्लेम'ला आणखी एक सूचना देता येते, की मोकळ्या जागेचे फेरफार धरू नकोस. पाच वर्षांपूर्वी कासवाने फक्त ओळी सरळ रेषेत आणल्या होत्या. एक अक्षरही बदललं नव्हतं. पण ओळीला हात लागला म्हणून कमांड त्याचं नाव दाखवत होती. त्याने शेजारी स्वच्छ लिहिलंही होतं की मी मोकळी जागा सारखी केली. ती टीप मी छापली, तिच्यावर चाळीस हजार लोकांना हसवलं, आणि तिचा अर्थ मला कळला नाही. हे कोड वाचणाऱ्यांचं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे.

सूचना दिली आणि नाव बदललं. 'लिंबूटिंबू', बारा वर्षांपूर्वी, एप्रिल.

लिंबूटिंबू म्हणजे मी. तेव्हा मी हे नाव घेतलं होतं, कारण मोठ्यांच्या खेळात मला घेतलं तरी पुष्कळ, असं वाटायचं. जुना पत्रव्यवहार उघडला. कासवाने लिहिलं होतं, 'नाव आवडलं. लहानपणी मीही तोच होतो. दुरुस्ती आत घेतली. चाचणी जोडायची राहिली आहे, ती मी जोडतो.' (चाचणी म्हणजे दुरुस्ती नीट चालते का, हे दर वेळी आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम.) त्या दिवशी मी पेढा मिळाल्यासारखा घरभर नाचलो होतो.

कान अजून गरम आहेत. आईची तारीख मी टाकून दिली. गुपचूप.

१३ मार्च, शनिवार

काहीही लिहिण्यासारखं नाही.

१४ मार्च, रविवार

मुद्दे असे. एक, तपासण्याची जबाबदारी त्याचीच होती, त्याने स्वतः कबूल केलंय. दोन, बारा वर्षांपूर्वीचा मी आणि आजचा मी एकच आहे का? तीन, लिंबूटिंबू कोण हे कोणाला माहीत नाही. पहिले दोन मुद्दे मी मोठ्याने म्हणून पाहिले, बाथरूममध्ये. तिसरा मोठ्याने म्हणवला नाही. आणि रात्रंदिवस डोक्यात आहे तो तिसराच.

दाढी करताना आरशात बघायचं टाळलं आणि कापून घेतलं.

१६ मार्च, मंगळवार

कासवाला मेल केली. 'आपण त्या ओळीचा मूळ इतिहास पाहिला आहे का?' एवढंच. क्षमा नाही, नाव नाही. त्याला माहीत आहे की नाही, हे मला काढून घ्यायचं होतं. माहीत नसेल तर गप्प बसायचं, असं मी ठरवलं होतं. हे इथे लिहिलं नाही तर या डायरीला काही अर्थ नाही. चोराच्या मनात चांदणं.

१८ मार्च, गुरुवार

बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"पायरी कुठे चुकली?" तिने विचारलं.

"नाव बघितलं, टीप वाचली नाही."

"ती तुझी झाली पहिली चूक. ती बारा तारखेला सापडली. आज अठरा."

मी म्हटलं, "अगं, पेपरातली जागा जाईल."

"जाऊ दे की राहू दे, ते मला नको सांगूस. मी मुलांना काय सांगते माहितीये? उत्तर चुकलं तर पायऱ्यांचे गुण देईन. पण खाडाखोड करून पायरी लपवली तर भोपळा." मग पुन्हा पेन उचललं. मला वाटलं होतं, खांद्यावर हात तरी ठेवेल.

१९ मार्च, शुक्रवार

आईला सांगायला गेलो. कोडबिड तिला कळणार नाही म्हणून कॅलेंडर काढून समजावलं. तिला एका मिनिटात कळलं.

"म्हणजे माझी तारीख तू खाल्लीस!" म्हणाली आणि चक्क हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. मग चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

"अरे, पण त्या माणसाला तू किती बोललास. मला वाचून दाखवलंस ना फोनवर."

"हो."

"त्याची आई असेल, तर तिलाही कोणीतरी वाचून दाखवलं असेल का रे?"

एक्केचाळीस वर्षांचा घोडा आईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडला. तिने पाणी दिलं. डोळ्याचं एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच सहन होत नव्हतं.

२० मार्च, शनिवार

सकाळी कासवाचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"नमस्कार. इतिहास पाहिला. किनाऱ्याला लागलो त्याच दिवशी. तुमच्या वार्तापत्राखालचा मेलचा पत्ता बारा वर्षांपूर्वीचाच आहे, त्यामुळे 'चिमटा' काढणारे कोण तेही कळलं. लेख वाचला. ओळ घेताना रविवारचं माझ्या लक्षात यायला हवं होतं, तुम्ही नवे होतात. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. आईंचा डोळा आता कसा आहे?"

चौदाशे शिव्या खाऊन तो माणूस हे लिहितो. एक वाक्य टाकलं असतं तर सगळे दगड माझ्या दारात येऊन पडले असते. त्याने टाकलं नाही. मला खेळातला लहान मुलगा समजला, ज्याला धावू देतात, ओरडू देतात, पण आउट धरत नाहीत.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जेवलो असतो. लाज वाटते. नुसती लाज, दुसरं काही नाही.

दुपारी संपादकबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, माझी जागा दुसऱ्याला द्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे तर त्याहून भारी आहे! कबुलीच छापू की. 'मीच तो.' फोटोसकट. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

फोन ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात त्या लेखाचं पहिलं वाक्य तयारही झालं होतं, आणि चांगलं होतं. ते मला आवडलं होतं, हेही लक्षात आलं. बाईंना पुन्हा फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या रागावल्या. बरोबर आहे त्यांचं.

२२ मार्च, सोमवार

वार्तापत्र पाठवलं. एकही चिमटा नाही, विनोद नाही, आईचं नाव नाही. तोच स्क्रीनशॉट, मग शेजारी खरा स्क्रीनशॉट. 'ही ओळ बारा वर्षांपूर्वी मी लिहिली. लिंबूटिंबू हे माझंच नाव. कासवाने फक्त मोकळी जागा सारखी केली होती आणि तसं लिहिलंही होतं. मी न वाचता त्यांना दोष दिला. मला १२ मार्चला कळलं आणि मी दहा दिवस गप्प बसलो.' शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. खाली पाळण्यातलं खरं नाव घातलं.

मग 'घंटी'च्या पानावर गेलो. दुरुस्त्या करणाऱ्यांची तिथे यादी आहे. तिच्यात लिंबूटिंबू खोडून माझं नाव घालण्याची विनंती पाठवली. सोबत कासवाला लिहिलं, 'आईचा डोळा पहिल्यासारखा नाही, पण ती वाचते. कृपया घंटी बंद करू नका. तुम्ही समुद्रात असताना आलेल्या तक्रारी मी वाचून, वर्गवारी करून ठेवत जाईन. निर्णय तुमचाच. मी लेखक म्हणून विचारत नाही.' ते शेवटचं वाक्य कशाला लिहिलं कोणास ठाऊक.

२४ मार्च, बुधवार

बाराशे वाचक सोडून गेले. दोनशेजणांनी 'सलाम तुमच्या प्रामाणिकपणाला' असं लिहिलंय. ते वाचवत नाही. एकाने लिहिलं, 'मी तुमच्यामुळे त्या माणसाला घाण घाण बोललो. आता मी काय करू?' त्याला उत्तर लिहिलं, 'त्यांची क्षमा मागा, मीही मागितली आहे.' पाठवल्यावर लक्षात आलं की मी ती अजून मागितलीच नाही. नावाची विनंती पाठवली, डोळ्याचं कळवलं, काम मागितलं. क्षमा हा शब्दच राहिला. बसून एका ओळीची मेल केली.

२८ मार्च, रविवार

पेपरात माझ्या जागी बागेतल्या कीटकांवर लेख आहे. बरा आहे.

कासवाकडून काही नाही. निघाला असेल.

३१ मार्च, बुधवार

आईचं इंजेक्शन. सकाळी तिच्या फोनवर निरोप आला. मी तरीही तासभर आधीच दारात उभा होतो. "निरोपही आला आणि तूही आलास," ती म्हणाली, "दोघांतला खरा कोण?" भिंतीवरच्या कॅलेंडरात एकतीस तारखेभोवती लाल गोल होताच. या महिन्यापासून तो मी करतो. दवाखान्यात अक्षरं तिसऱ्या ओळीपर्यंतच वाचली. चौथीचं पहिलं अक्षर तिने अंदाजाने सांगितलं आणि ते चुकलं.

दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना फोन वाजला. आज महिनाअखेर, म्हणजे 'घंटी' बंद झाल्याची सूचना असणार म्हणून उघडायला धीर होईना. उघडली. यादीत माझं नाव लागलं होतं. खाली कासवाने लिहिलं होतं:

"क्षमेचं पोचलं. नाव घेतलं. या खेपेच्या दुरुस्तीलाही चाचणी जोडलेली नाही. बारा वर्षांपूर्वी मी जोडली होती, आता जोडणार नाही. एकोणतीस फेब्रुवारीचा रविवार धरून तुम्ही लिहा. तक्रारी एकशे बारा शिल्लक आहेत. पुढचं बंदर अठरा दिवसांनी. तोवर राज्य तुमच्यावर."

तीनदा वाचलं. आई म्हणाली, "काय झालं? कोणी रागावलं का?"

म्हटलं, "हो."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन चाचणी लिहिली. दोनदा तपासली. मग बायकोपुढे ठेवली आणि म्हटलं, प्रत्येक पायरी बघ.